अकरा नावं, इत्यादी

गुरुवार, ३ एप्रिल

ही वही सुरू करण्याचं कारण माझ्या नवऱ्याचं एक वाक्य आहे. आज सकाळी कॉम्प्युटरवाली भाग्यश्री आणि समोरच्या घरातली रूपा, अशा दोन साक्षीदारांसमोर राघो म्हणाला, "हात लावायचा तर लाव, मैना. पण रोज काय केलंस ते लिहून ठेव. तू आवरलंस की वस्तू सापडत नाहीत."

मी छत्तीस वर्षं शाळेत काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. माझ्या कपाटातला खडूचा डबाही कधी जागचा हलला नाही. राघोच्या मनात अजून २०१५ सालच्या दोन गोण्या कॅसेटी आहेत, ज्या मी भंगारवाल्याला दिल्या. त्यातलं सगळं त्याने आधीच कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं होतं, म्हणजे नुकसान काहीच नाही. तरी दहा वर्षं ऐकते आहे. तेव्हा ही वही माझ्या बचावासाठी. उद्या आरोप झाला तर दिनांकासह पुरावा असावा.

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. वहीत राघो. वही माझी आहे.

प्रकरण असं. राघोने चाळीस वर्षं पॉवरलूम दुरुस्त केले. लूमच्या खडखडाटात कान गेले. प्रेशर कुकरची शिट्टी त्याला ऐकू येत नाही, आणि छंद कसला, तर गाणी गोळा करण्याचा. तीही साधी नव्हेत. आमच्याकडे लग्नात हळदीला, मांडवाला जी बाई धवला गाते, ती धवलारीण. शेलार गावापासून कोन गावापर्यंत जिथे धवलारीण बसेल तिथे हा माणूस तिच्या तोंडाशी आधी टेपरेकॉर्डर आणि मग मोबाईल धरून बसला. तीस वर्षांत चार हजार एकशे सहा फाइली झाल्या. त्या ज्या कॉम्प्युटरमध्ये आहेत तो आता लूमसारखाच आवाज करतो. राघोला तो आवाज येत नाही. शेजाऱ्यांना येतो. म्हणून मुलाने, दीपेशने, पुण्याहून नवा कॉम्प्युटर पाठवला, आणि नेमकं सोमवारी राघोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पाच आठवडे वाचायचं नाही, पडद्याकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

कान गेलेले, डोळे झाकलेले. आता घरात काम करण्याच्या अवस्थेत मी एकटी आहे.

शनिवार, ५ एप्रिल

भाग्यश्रीने दोन्ही कॉम्प्युटर जोडून दिले. सहावीत ही माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून बोलायची, आता कल्याण नाक्याजवळ तिचं दुकान आहे आणि तिथे बसून बोलते. एका कानाला फोन, त्यात कुणाला तरी "भैया, कल आओ, कल पक्का" आणि मला म्हणते, "बाई, सगळं सिलेक्ट करा, कॉपी मारा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी करून देऊ का?"

मी विचारलं, आत काय आहे ते न बघता?

"बघायचं काय त्यात? जागा भरपूर आहे. असे दहा संग्रह बसतील."

"जागा आहे म्हणून कचरा भरायचा का? घर बदलताना कुणी उकिरडा टेम्पोत घालून नेत नाही."

ती म्हणाली, "तुमची मर्जी, बाई. पण डिलीट मारण्याआधी काकांना विचारा." सहावीतही हिला उलट उत्तर द्यायची खोड होती.

ती गेल्यावर फाइलींची नावं वाचली. 'शेलार-मांडव-पाऊस'. 'कोन-हळद-म्हातारी रडली'. 'कोन-हळद-परत रडली'. 'मांडव-कुकर'. 'हळद-लाइट गेली'. माझ्या शाळेत हजेरीपट असा लिहिणाऱ्याला मी चार दिवस वर्गाबाहेर उभं केलं असतं.

नियम ठरवला. एक गाणं, एक प्रत. ज्यात आवाज स्वच्छ आणि उच्चार शुद्ध, ती ठेवायची. बाकीच्या काढायच्या.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. सुंठवडा केला. तीनशे बारा काढल्या.

मंगळवार, ८ एप्रिल

राघो हिरवी पट्टी लावून खाटेवर बसून असतो. मधून मधून विचारतो, "कुठपर्यंत आलीस?" मी पाटीवर आकडा लिहून दाखवायला जाते आणि मग लक्षात येतं की तेही त्याला वाचायचं नाही. मग कानाशी जाऊन ओरडते. तो मान हलवतो. किती ऐकलं, कुणास ठाऊक.

आज सापडलेला नमुना: 'अकलोली-कुंड-हसणं'. सहा मिनिटं. गाणं नाहीच. गरम पाण्याच्या कुंडात पाय टाकून बसलेल्या पाच-सहा बायका नुसत्या हसतायत. त्यातली एक तर इतकी मोठ्याने, की श्वास घ्यायला थांबते आणि पुन्हा सुरू. कोण असेल ती असेल, वळण लावलेलं दिसत नाही. सहा मिनिटांत एक ओळ नाही, एक शब्द नाही. संगीत संग्रहात ही फाइल काय करत होती हे राघोलाच माहीत. काढली.

बुधवार, ९ एप्रिल

आज 'कोन-भरत-हळद-कुत्रं'. एक्केचाळीस मिनिटं. भरत म्हणजे कोनची धवलारीण धोंडूबाई, तिचा मुलगा. त्याच्या हळदीला आईनेच धवला गायला. टेपवर पहिली दहा मिनिटं कुत्रं भुंकतंय. मग मागे कुणाचा तरी लूम. मग धोंडूबाई खोकते, पाणी मागते, आणि खरं गाणं संपल्यावर मेलेल्यांना बोलवायला बसते. हा प्रकार मला नवा नाही, पण इतक्या तपशिलात ऐकला नव्हता. घराण्यात जेवढे वारले, तेवढ्यांची नावं घेऊन एकेकाला "मांडवाला या" म्हणायचं. नाव घेतलं नाही तर तो येत नाही म्हणे. म्हणजे मेल्यावरही आमंत्रणाशिवाय न जाण्याइतका मान शिल्लक राहतो.

सवयीने हातात पेन होतं, म्हणून हजेरी घेतली: १. जोमा. २. पोसूबाई. ३. हाल्या. ४. थोरली चांगुणा. ५. धाकटी चांगुणा. ६. गोमा. ७. पदू. ८. बुधाजी. ९. बारकू. १०. विहिरीवरची लाडकी. ११. काळ्या (बहुधा दीर). इत्यादी.

हजर: कुणी नाही.

माझ्या लग्नात मी धवला नको म्हणून आधीच कळवलं होतं. बी.ए. झालेली मुलगी सासरच्या भुतांच्या रांगेत उभी राहणार नव्हती. सासूबाई वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

हळदीची एक छान प्रत आधीच निवडून ठेवली आहे, ठाण्याच्या कुठल्याशा महिला मंडळाची. पेटी आहे, सूर एकत्र लागतात, 'ळ' ला 'ळ' म्हणतात. तेव्हा ही कुत्र्याची काढली.

रविवार, १३ एप्रिल

संपलं. चार हजार एकशे सहापैकी नऊशे चाळीस राहिल्या. सर्वांना नवी नावं दिली: प्रकार, गाव, क्रमांक. नव्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. जुन्यातली कचरापेटीही रिकामी केली. कचरा साठवून ठेवायची मला सवय नाही.

राघोला ओरडून सांगितलं, "झालं सगळं."

"सगळं आलं?"

"जे यायला हवं ते आलं."

तो हसला आणि म्हणाला, "बरं वाटलं, मैना. मला वाटलं होतं तू त्यातही झाडू मारशील." मी चहा ठेवायला गेले.

मंगळवार, १५ एप्रिल

भाग्यश्री जुना कॉम्प्युटर घेऊन गेली. दारातून काढताना राघोने चाचपडत त्यावर हात ठेवला, लूम बंद करून घरी जाताना ठेवत असेल तसा. वस्तूंना निरोप देणारी माणसं मला कळत नाहीत.

शनिवार, १९ एप्रिल

संध्याकाळी भरत आला. गोदामाच्या मालाचा टेम्पो चालवतो, गाडी दारात उभी करून आत आला आणि मला वाकून नमस्कार केला. माझा विद्यार्थी नव्हता, तरी करतो.

"बाई, येक काम हाय. काकांकडंच हाय."

मुलगी भाविका हिचं लग्न ठरलंय. तीन मेला हळद. दोन वर्षांपूर्वी धोंडूबाईला झटका आला, ते मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"आय बोलते, बाई. चालते. गाते पन. पन नावं गेली तिची. मना 'ह्यो' बोलते. भाविकाला 'पोर' बोलते. चाल येते, नाव येत न्हाय. धवल्यान पितरांना बोलवाचा तर नावं नको? आमच्या घरान कोनालाच ती सगली म्हाईत न्हायत. ती फक्त तिच्या तोंडान व्हती. आन् माझे हलदीच्या टेपवर हायत."

मी हे सगळं राघोच्या कानात ओरडून सांगितलं. ऐकल्यावर तो इतका खुशीत आला की पट्टी सावरत उठून बसला. "अरे, आहे ना. कोन, भरत, हळद, कुत्रं. तुझ्या पिवळ्या कुत्र्याने टेप खराब केली म्हणून तुझ्यावर चिडलो होतो मी. एक्केचाळीस मिनिटं. तेवीस नावं आहेत, मी मोजलीत. मैना, लावून दे त्याला."

मी म्हणाले, "नवीन नावं दिलीत. शोधून ठेवते."

भरत म्हणाला, "सावकाश, बाई. हलदीला टाइम हाय."

रविवार, २० एप्रिल

फाइल नाही हे मला काल त्या क्षणीच माहीत होतं. तरी आज सकाळी नऊशे चाळीसच्या नऊशे चाळीस उघडून पाहिल्या. हे कशासाठी केलं ते लिहिता येत नाही.

सोमवार, २१ एप्रिल

भाग्यश्रीचं दुकान. काउंटरवर चार मोबाईल उघडे पडलेले, पंखा तिच्याकडे तोंड करून. मी विचारलं, काढून टाकलेलं परत येतं का.

"येतं की. डिस्क शाबूत असेल तर. तुमची डिस्क परवाच मेली, बाई. तो लूमचा आवाज होता ना, तो तिचाच होता. मी सुरू करून बघितली, दोनदा टकटक केलं आणि गप्प. मोडीत गेली."

"मला विचारायचं नाही?"

तिने स्क्रू तोंडातून काढला आणि माझ्याकडे बघितलं. शेवटच्या बाकावरूनही अशीच बघायची. "तुम्ही बोललात ना बाई, सगळं उतरवलं म्हणून. मी दोनदा विचारलं."

दोनदा विचारलं होतं, हे खरं आहे. नोंद करते.

मग म्हणाली, "काका लग्नघरी सीडी करून द्यायचे. भरतदादाकडे असेल."

मंगळवार, २२ एप्रिल

रिक्षाने कोनला गेले. भरत घरी नव्हता. त्याची बायको कमळी अंगणात तांदूळ निवडत होती. सीडीबद्दल विचारलं तर तिने सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.

"हाय ना, बाई. चला, दावते."

मला वाटलं कपाटाकडे नेईल. तिने परसात नेलं. चिकूच्या झाडाला दोऱ्याने चार सीड्या बांधलेल्या, वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या.

"पाखरं लय चिकू फोडतात. चमकला का पलतात. सीडीचा मशीन बिघडला, मग यांनीच टांगल्या."

त्यातल्या एकीवर राघोच्या अक्षरात 'भरत-हळद' होतं, अर्धं उडालेलं. सहा उन्हाळे आणि तितकेच पावसाळे ती तिथे होती. भाग्यश्रीकडे नेली. तिने पुसली, यंत्रात घातली. यंत्राने ती परत बाहेर ढकलली. पुन्हा घातली, पुन्हा ढकलली.

येताना मनात एक विचार आला, तो प्रामाणिकपणे लिहिते: चला, म्हणजे फक्त मीच नाही. हा विचार रिक्षा शेलारच्या फाट्याला लागेपर्यंत टिकला. कॅसेट मी दिली होती, ती भंगारात गेली. फाइल मी काढली. सीडी तेवढी पाखरांनी खाल्ली. तीनपैकी दोन माझ्या नावावर.

गुरुवार, २४ एप्रिल

आज राघोला सांगितलं. खाली बसून, शांतपणे, हळू आवाजात सांगायची गोष्ट होती. आमच्या घरात ती सोय नाही.

"कोनची फाइल नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"फाइल. भरतच्या हळदीची. मी काढून टाकली."

"काढून ठेवलीस? मग दे की."

"टाकली. केरात टाकली."

"कुठे?"

"केरात," मी ओरडले. "तीन हजार एकशे सहासष्ट फाइली मी केरात टाकल्या."

समोर रूपाच्या घरातला टीव्ही बंद झाला.

राघो खाटेवरून पाय खाली घेऊन बसला. मग म्हणाला, "बाई, वही आणा."

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. सगळं गाव मला बाई म्हणतं. राघो पहिल्यांदा म्हणाला.

वाचायला त्याला अजून मनाई, म्हणून मीच वाचली. पहिल्या पानापासून, त्याच्या उजव्या कानात, प्रत्येक शब्द ओरडून. उकिरडा वाचला. वर्गाबाहेर उभं करणं वाचलं. स्वतःचं लिखाण मोठ्याने वाचण्याची शिक्षा मी मुलांना अनेकदा दिली आहे. ती इतकी लांब असते याची कल्पना नव्हती. अकलोलीच्या पानावर तो पुटपुटला, "तीपण गेली?" मी नऊ एप्रिलवर आले. कुत्रं, लूम, खोकला. जोमा, पोसूबाई, हाल्या.

"थांब. परत वाच."

परत वाचलं.

"पुढे."

थोरली चांगुणा, धाकटी चांगुणा, गोमा. तो बोटांवर मोजत होता. लूमचे दात मोजणारी बोटं, अजून चुकत नाहीत. विहिरीवरची लाडकी. काळ्या.

"अकरा," तो म्हणाला. "पुढे?"

"इत्यादी."

"ऐकू नाही आलं."

"इत्यादी."

"इत्यादी कोण?"

मी सांगितलं की तो कुणी नव्हे, मी तिथे लिहायचं थांबले. त्याने विचारलं, का. मी म्हणाले, कंटाळा आला. रूपाच्या खिडकीत रूपा उघडपणे उभी होती. लपण्याचीही तिला गरज वाटली नाही.

राघोला बाकीची बारा आठवतात का, विचारलं. त्याने खूप वेळ प्रयत्न केला. "ऐकली की ओळखीन," म्हणाला. "कोण ऐकवणार?"

शुक्रवार, २५ एप्रिल

पुन्हा कोन. या वेळी रिक्षात राघो बरोबर होता, काळा चष्मा लावून, एखाद्या पुढाऱ्यासारखा. वही पिशवीत.

धोंडूबाई ओटीवर होती. एक खांदा उतरलेला, पण डोळे तेच. राघोला बघून म्हणाली, "आलास. तू. तो टेपवाला." मग माझ्याकडे बघून, "आन् ही... ही..."

"बाई," भरत म्हणाला.

"बाई म्हाईत हाय. नाव." तिने जमिनीवर बोट आपटलं. आलं नाही.

मी वही उघडली आणि सरळ सांगितलं. टेप माझ्यामुळे गेली. तेवीसपैकी अकरा नावं आहेत, बारा राहिली. भरतने मान खाली घातली. कमळीने चिकूच्या झाडाकडे बघितलं. मग मी हजेरी घ्यायला लागले, शाळेत घ्यायचे तशीच, एकेक नाव स्वच्छ.

"जोमा."

धोंडूबाई सावरून बसली. "सासरा."

"पोसूबाई."

"सासू. कडक व्हती. तुमच्यावानी."

"हाल्या."

"धाकला दीर. ताडी काढाला गेला न् ताडाव्हरशी परला."

असं चाललं. प्रत्येक नावाला उत्तर येत होतं. नऊ तारखेला मी 'हजर: कुणी नाही' असं लिहिलं होतं. विहिरीवरच्या लाडकीला ती थांबली. "ती माझी नणंद. सोला वर्साची. घरान तिचा नाव कोनी घेत नव्हता. पानी शेंदाला गेली न् पाय सरकला, आसा सगले बोलत. मी म्हंगाली, कशी का गेली, मांडवाला येल ती." आणि तिने ते नाव स्वतः दोनदा म्हटलं. लाडकी. लाडकी.

"काळ्या," मी वाचलं.

म्हातारी हसायला लागली. भरतही.

"काल्या बैल व्हता, बाई. आमचा सगला घर त्याने वढला."

म्हणजे मी बारा माणसं वगळली आणि बैल ठेवला.

निघताना धोंडूबाईने माझं मनगट धरलं. "तुमी हसल्या व्हत्या," म्हणाली. "गरम पान्यान. पाय टाकून. लय मोठ्यान. या टेपवाल्यानं धरला व्हता टेप. बोलला, ही घरान हसत न्हाय, भरून ठेवतो."

भरतने खुलासा केला, "अकलोलीला, बाई. तुमी रिटायर झालात त्या वर्साला. आयपन व्हती."

राघो रिक्षावाल्याशी बोलण्यात गुंतला होता, किंवा तसं दाखवत होता. ती बाई मी होते की नाही याची मला खात्री करता येत नाही. फाइल नाही.

बुधवार, ३० एप्रिल

रोज दोन-तीन घरं. राघोने ज्यांना ज्यांना प्रत दिली होती त्यांची यादी त्याच्या डोक्यात आहे, त्याप्रमाणे फिरतो. सीड्या, पेनड्राइव्ह, एका घरी मोबाईलचं कार्ड डाळीच्या डब्यात. दारात उभं राहून मी म्हणते, "तुमचं गाणं माझ्याकडून गेलं, तुमच्याकडचं उतरवून घेऊ का?" माझे जुने विद्यार्थी चहा देतात आणि ऐकून घेतात. एकाने विचारलं, "बाई, गृहपाठ हरवला म्हटलं की तुम्ही काय करायच्या?" मी त्याला खरं उत्तर दिलं: दाराबाहेर उभं करायचे. त्याची आई खूप हसली.

आतापर्यंत दोनशे सात परत मिळाल्या. भाग्यश्री संध्याकाळी येऊन त्या उतरवते. नावं राघो सांगतो, ती टाइप करते. पाऊस, कुकर, म्हातारी रडली. मी मध्ये बोलत नाही.

शनिवार, ३ मे

कोन. भाविकाची हळद. मांडवाच्या एका बाजूला डीजेच्या भिंती उभ्या, आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाटावर धोंडूबाई. भरत डीजेवाल्याला जाऊन म्हणाला, "भाई, पंधरा मिनट बंद रख. दादी गाएगी." तो म्हणाला, "रिकॉर्डिंग है क्या? पेनड्राइव दो, मैं बजा देता हूँ." भरतने माझ्याकडे बघितलं नाही. याबद्दल मी त्याची आभारी आहे.

मी धोंडूबाईच्या मागे बसले. तिचा आवाज फाटका आहे, पण चाल पक्की. गाणं संपलं, नावं आली, तेव्हा ती थांबली आणि मान किंचित मागे केली. मी कानात सांगायचं, तिने गायचं. जोमा, मांडवाला या. पोसूबाई, मांडवाला या. माझ्या तोंडातून कोरडं निघालेलं नाव तिच्या तोंडातून ओलं होऊन बाहेर पडत होतं. हे वाक्य जरा जास्त झालं आहे, पण खोडत नाही.

काळ्या झाला. यादी संपली. मी वही मिटली. म्हातारीने मान अजून मागेच ठेवली होती, पुढच्या नावासाठी. मी तिच्या कानात म्हणाले, "एवढीच आहेत."

तिने डोळे मिटले. मग त्याच चालीवर, एकही सूर न चुकता, गायली:

"बाईंचे वहीन ज्यांना जागा न्हाय भेटली, ती बाराजना मांडवाला या."

मांडवातल्या बायकांनी ती ओळ झेलली आणि परत गायली. मग पुन्हा गायली. दोनदा पुरलं असतं. त्यांनी ती पाच वेळा म्हटली. भाविका हळदीने माखलेल्या तोंडाने माझ्याकडे बघून हसली. राघो समोर मोबाईल धरून बसला होता, तोंडापासून एक वीत अंतरावर, तीस वर्षं बसला तसा. त्याला किती ऐकू आलं माहीत नाही. त्याने मोबाईल माझ्याकडे वळवला तेव्हा मी मान फिरवली.

रूपा म्हणते, ती ओळ रात्रीच फोनवरून शेलारलाही पोचली आहे. पुढच्या लग्नात म्हणतील.

सोमवार, ५ मे

डॉक्टरांनी राघोला पडदा बघायची परवानगी दिली. आज मी कारभार सोडला. हस्तांतराची नोंद, भाग्यश्रीच्या समोर:

देणार: मैना. घेणार: राघो.

१. नवा कॉम्प्युटर, एक, चालू स्थितीत. आवाज करत नाही. घेणाऱ्याची तक्रार: आवाज करत नाही.

२. गाणी, एक हजार एकशे अठ्ठेचाळीस. पैकी मी ठेवलेली नऊशे चाळीस, लोकांच्या घरून मागून आणलेली दोनशे सात, आणि 'कोन-भाविका-हळद-बारा' ही नवी, एक.

३. संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत, भाग्यश्रीच्या दुकानात. तिला मी दोनदा विचारलं.

४. कचरापेटी रिकामी करण्याचा अधिकार. यापुढे घेणाऱ्याकडे.

५. कोनच्या घराण्याच्या नावांची वेगळी वही, एक, भरतकडे दिली. ओळ एक ते अकरा भरलेल्या. अकरावी बैलाची, तसं लिहिलं आहे. बारा ते तेवीस, आकडे घालून, कोऱ्या.

६. 'अकलोली-कुंड-हसणं', एक. देता आली नाही.

घेणाऱ्याने सर्व वाचून सही केली. सहाव्या ओळीपुढे, माझ्याच लाल पेनाने, शेरा मारला आहे: पुन्हा करून द्यावे.